अकरावी ओळ

१

मुखरू धान मोजाले बसला का कोनी मधात बोलाचं नाई, असा त्या घरचा कायदा होता. विकाचं धान काट्यावर जाये, पन घरी खाचं धान तो पायलीनंच मोजे. पयली पायली पोत्यात ओतली का "एक" म्हनाचं नाई, "लाभ" म्हनाचं. मंग दोन, मंग तीन. एक म्हनलं का ढीग तिथीच थांबते, लाभ म्हनलं का वाढते. त्याच्या बापानं असंच मोजलं, बापाच्या बापानं बी. अन् ओतनारा जो आकडा बोलन तोच पोतं धरनाऱ्यानं फिरून बोलाचा, म्हंजे चूक होत नाई. मोजनं सरलं का पायली पालथी घालाची. मुखरू बोले, त्याची बायको गुनाबाई फिरून बोले. लगनाले तीस सालं झाले, भांडनाबिगर दोघायचं एवढंच बोलनं होये.

त्या दिवशी सकाळी खळ्यावर सातवी पायली पडली होती. त्यायची पोरगी दिव्यानी धुऱ्याच्या बांधावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. गावात नेटवर्क नाई, खळ्याच्या त्या कोपऱ्यातच दोन काड्या येत. तिनं मान वर केली अन् कायदा मोडला.

"बाबा, आपल्या खड्ड्यातून किती निंगाले होते?"

मुखरूचा राग म्हंजे मोहाखालच्या पाल्याले लावलेली काडी. एकडाव लागली का कोनाचं झाड, कोनाचं कुंपन, पाहात नाई. पन पोरीवर तो जरा हळू पेटे.

"दहा," तो म्हनला. "बिघडवलं माहं मोजनं."

"नक्की दहा?"

"मुकादम मी होतो त्या कामाचा. माह्या हातानं दहा पेट्या वर गेल्या. तुले बापाची गिनती खोटी वाटते का?"

"मले नाई वाटत. इथी अकरा लिवले हायेत."

गुनाबाई पोत्याचं तोंड धरून खाली पाहून राह्यली होती. "आठ," ती म्हनली.

मुखरूनं तिच्याकडं पाह्यलं. आठवी पायली त्याच्या हातात भरलेली होती. त्यानं ओतली बी नोती अन् आकडा बी बोलला नोता.

"आठ कोन म्हनलं वो?"

"तुमीच त म्हनले आत्ता," गुनाबाई म्हनली.

२

हा खड्डा कोनता, ते सांगतो. मुखरूच्या धानाच्या बांधीच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात, खळ्याले लागूनच, मोठमोठ्या गोट्यायचं एक रिंगन हाये. एकेक गोटा म्हशीएवढा. आजा-पंज्यापासून तिथी कोनी नांगर घातला नाई. तीन सालाआंदी दोन जीपा भरून शिकलेले लोकं आले. म्हनले, हे तीन हजार साल जुन्या मानसायच्या मढ्यायची जागा हाये, खोदू द्या, देशाचं काम हाये. मुखरूनं खोदू देल्लं. वरून त्यायले मजूर जमवून देल्ले अन् सोता मुकादम झाला.

दीड महिना काम चाललं. दहा मढे निंगाले, सारे लंबे झोपवलेले, डोस्कं उत्तरेकडं, एकेकाची एक पेटी. त्यातलं एक लेकरू होतं. त्या लेकराच्या कवटीची माती मजुरायतल्या अंजनाबाईनं ब्रशनं अन् बांबूच्या काडीनं तीन दिवस बसून काढली. कवटीले चीर जाऊ देल्ली नाई, अन् तीन दिवस घरी जेवली बी नाई. जाताना साहेब लोकं म्हनले, खड्डा बुजवून देऊ, काय सापडलं ते कागद लिवून कळवू. खड्डा अजून तसाच उघडा हाये. कागदाचं त नावच नोको.

अन् आता हे.

दिव्यानी चंद्रपूरच्या कॉलेजात शेवटच्या सालाले होती. तिच्या मंजुषा मॅडमनं तिले एक काम देल्लं होतं. नेटवर एक मोठं रजिस्टर हाये. दुनियाभरात जिथी जिथी जुन्या मानसायचे हाडं निंगाले, त्या हाडायचं पीठ करून त्यातून डीएनए काढतेत, अन् मंग एका मानसाची एक ओळ त्या रजिस्टरात चढवतेत. बाई का मानूस, किती साल जुना, कोनत्या गावचा, कोनाचा कोन लागे, सारं त्या ओळीत. हे रजिस्टर भरोशाचं हाये का नाई, हे दिव्यानीले तपासाचं होतं. एकेक ओळ पाहाची अन् पुढं लिवाचं, बरोबर, का शंका हाये, का चूक. सोमवारपावतो द्याचं होतं. काम मॅडमच्या पसंतीले उतरलं त पुढं शिकाची जागा पक्की होती. हजारो ओळी पाहता पाहता तिले आपल्याच बापाचा खड्डा सापडला.

"वाच," मुखरू म्हनला. पायली बाजूले ठेवली.

तिनं वाचलं. गाव: मूल.

"काय?"

"मूल लिवलं हाये, बाबा."

"मूलचा काय संबंध? मूलच्या बजारात जाले मले दोन गाड्या बदलाव लागते. जवळचं पोंभुर्णा लिवलं असतं तरी एखाद्यानं ऐकून घेतलं असतं. कोसमटोल्याची माती, कोसमटोल्याचे मढे, अन् नाव मूलचं? खोदनाऱ्याइत कोनाकोनाचे नावं हायेत?"

आठ नावं होते. आठीच्या आठी साहेब. मुखरू नाई, संग खोदनारा पोचू नाई, अंजनाबाई नाई.

मुखरू उठला, धुऱ्यावर दोन चकरा मारल्या, अन् त्या आठीच्या आठी घरान्यायचा उद्धार केला. शिव्या अशा होत्या का गुनाबाईनं कानावर पदर घेतला. मंग तो थकून पोरीच्या बाजूले बसला.

"अकरावा कोन हाये?"

३

अकराव्या ओळीपाशी दिव्यानीचं बोट सकाळपासून अडकलं होतं. तिनं बापाले त्याच्या भाषेत सांगतलं. आपल्या इथची गरमी अशी, पावसाची माती अशी, का हाडात काई उरत नाई. दहापैकी सात जनायतून काईच भेटलं नाई. तिघायतून भेटलं ते शंभरात एक हिस्सा. अकराव्यातून शंभरात अठ्ठ्यान्नव.

"म्हंजे कसं?"

"म्हंजे ताजं," दिव्यानी म्हनली.

तिनं मॅडमले फोन लावला, स्पीकरवर टाकला. मंजुषा मॅडम चांगली बाई होती, पोरीची काळजी घेनारी. ती हासून म्हनली का अगं, हे साधं आहे, हाताळणीत भेसळ झालेली दिसते. खोदकामाचे मजूर हातमोजे घालत नाहीत, घाम पडतो, थुंकी उडते, मग जुन्या हाडाऐवजी त्यांचाच डीएनए मोजला जातो. तसं लिहून टाक, छान मुद्दा आहे.

मुखरूनं फोन पोरीच्या हातातून घेतला.

"मॅडम, मी मजूर बोलून राह्यलो."

मंग त्यानं सांगतलं. हातमोजे त्यानं सोता वाटले होते, जो घालत नसे त्याले तो खड्ड्यात उतरू देत नसे. फोटू काढाची वेळ आली का साहेब लोकंच हातमोजे काढत, अंगठ्या दिसाव्या म्हनून. नाव लिवाच्या वेळी मजूर दिसले नाई, अन् दोष लिवाच्या वेळी बराबर दिसले. मॅडमनं माफी मांगतली, मनापासून मांगतली. अन् मंग दिव्यानीले इचारलं का नमुना घेतला कोनत्या हाडातून?

दिव्यानीनं ओळ वाचली. "उजव्या बाजूची वरची दाढ."

मुखरूची जीभ आपोआप तोंडात उजवीकडं वर गेली. तिथी तीन सालापासून जागा रिकामी होती.

४

झालं असं होतं. खोदकामाच्या शेवटच्या हप्त्यात, दुपारी खड्ड्याच्या काठावर बसून त्यानं सुपारी फोडली, दातानंच, जशी तो रोज फोडे. सुपारी फुटली अन् दाढ बी उपटून आली. त्यानं ती रक्तासंग खड्ड्यात थुकली अन् कामाले लागला. कोनी तरी ती उचलून हाडायसंग पेटीत टाकली असन.

हे ध्यानात आल्यावर मुखरू असा हासला का खळ्यावरचे पाखरं उडाले. म्हंजे एवढे शिकलेले लोकं, एवढ्या मशिनी, अन् मुखरूची किडलेली दाढ तीन हजार सालाची म्हनून रजिस्टरात चढवली. दिवसभर तो गावात हेच सांगत फिरला. पोचू त्याचा लहानपनचा दोस्त, खोदकामात संगच होता. तो म्हनला, "तरीच म्हनलं, तुही अक्कल त्याच जमान्यातली काऊन वाटते."

मुखरूले राग बी आला नाई. त्या दिवशी तो गुनाबाईवर एकडाव बी ओरडला नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते त दिव्यानी तशीच धुऱ्यावर. ती हासली नोती. मुखरूनं चाहाचा कोप तिच्यापाशी ठेवला अन् म्हनलं, आता काय राह्यलं वो, दाढ माही हाये, लिव चूक अन् मोकळी हो.

"दाढ तुमची हाये," ती म्हनली. "पन बाबा, या ओळीत नुसती दाढ नाई. आखा मानूस लिवला हाये."

"म्हंजे?"

तिनं वाचलं. पुरुष. वय पंचावन ते साठ. डाव्या हाताचं मनगटावरचं हाड मोडलेलं अन् वाकडं जुळलेलं.

मुखरूनं डावा हात मांडीखाली घेतला. मोहावरून पडला तवा तो अठरा सालाचा होता. गावच्या बुढ्यानं बांबूच्या काड्या बांधून जुळवला, तो वाकडा तो वाकडाच.

"दाढेवरून हात समजते का त्यायले?"

"नाई समजत."

"कोनी सांगतलं असन. पोचूनं सांगतलं असन, गमतीनं."

"असन," दिव्यानी म्हनली. "दहा जनायपुढं लिवलं हाये, झोपवलेला. अकराव्यापुढं लिवलं हाये, बसलेला."

"मढं बसलेलं?"

"बसलेलं. मान वर."

वाचाचं राह्यलं होतं ते साल. दिव्यानीनं समजावलं का हे लोकं जुनेपना मोजतेत तवा 'आज'पासून मांगं मोजतेत, अन् त्यायचा 'आज' म्हंजे एकोनीसशे पन्नास, तसा नियमच हाये. इथी मात्र मुखरू पेटला. माह्या जलमाच्या आंदीच यायचा आज सरला का? मंग आमी कोन हावो, उद्याचे? हे कोनतं शिक्शन? तो लय बोलला. बोलता बोलता त्याले दिसलं का पोरगी आयकून नाई राह्यली.

"बाकीच्यायपुढं अठ्ठावीसशे, एकोनतीसशे असे आकडे हायेत. म्हंजे पन्नासच्या तेवढे सालं मांगं," ती म्हनली. "अकराव्यापुढं उने सत्त्याहत्तर."

"उने म्हंजे?"

"मांगं नाई. पुढं."

मुखरूचं शिक्शन चवथी, पन गिनती त्याची पक्की. पन्नासात सत्त्याहत्तर मिळवले. घरात सोसायटीचं कालनिर्नय टांगलं होतं, त्याचं शेवटचं पान चालू होतं. जे साल निंगालं ते लागाले अजून तीन हप्ते होते.

"छापाची चूक हाये," तो म्हनला.

"तेच लिवते मी."

"लिव. दहाच होते म्हनून लिव. मुकादम सांगून राह्यला म्हनून लिव."

तिनं रजिस्टरवाल्यायले चिठ्ठी धाडली का तुमची गिनती चुकली, दुरुस्त करा.

५

मुखरूचं मन मात्र एका जागी अडकलं होतं. शेवटच्या दिवशी दहा पेट्या वर चढवल्या तवा तो काठावर उभा राहून मोजत होता. दहावी पेटी वर आली, तो "दहा" म्हनला, खालून कोनी तरी "दहा" म्हनलं. बराबर होतं. मंग तो खाली पाहाच्या आंदीच खालून "अकरा" आलं. त्याले वाटलं पोचू गंमत करून राह्यला. त्यानं वरूनच एक शिवी हानली अन् विसरून गेला.

पोचू आपल्या आंगनात दोर वळत बसला होता. मुखरू जाऊन त्याच्यापुढं उभा राह्यला अन् म्हनला, अकरा काऊन म्हनला बे त्या दिवशी?

पोचू दोर वळतच राह्यला. "कोनत्या दिवशी?"

मुखरूनं सांगतलं.

"मी खाली नोतोच," पोचू म्हनला. "मी जीपवर पेट्या बांधून राह्यलो होतो. तूच चढवलं मले तिथी. पाचव्या पेटीपासून."

"मंग खाली कोन होतं?"

"कोनी नाई. पेट्यायले दोर आंदीच बांधले होते, वरून नुसतं वढनं होतं."

"पाचपासून दहापावतो मले जबाब कोनी देल्ला?"

आता पोचूचा हात थांबला. "तू मोजत कसा होता?"

"कसा म्हंजे? जसं मोजतेत तसं. लाभ, दोन, तीन."

पोचू असा मानूस का मढ्याच्या तिरडीले खांदा देता देता बी कोनाची टिंगल करन. पन आज त्यानं दोर गुंडाळला, उठला, अन् घरात निंगून गेला. मुखरूनं दोन हाका मारल्या. दारामांगून पोचू एवढंच म्हनला, "मढ्यायले लाभ म्हनलं तू?"

"जबान वळन पडल्यासारखी चालते! मुद्दाम म्हनलं का मी?"

दार उघडलं नाई.

भर दुपारी, बारा वाजता, मुखरू तरातरा खड्ड्यावर गेला. त्याले खुन्नस होती. दहाच्या दहा जागा सोत्याच्या डोळ्यानं पाहाच्या अन् त्या रजिस्टराच्या तोंडावर मारून टाकाच्या. खड्डा पुरुषभर खोल. तीन पावसाळे गेले पन त्यात पानी कधी थांबलं नाई, गवत बी उगवलं नाई. खाली दहा लंबे उथळ खळगे होते, एकेक मानूस उचलल्यावर राह्यलेले. त्यानं बोटानं मोजले. दहा.

मंग खड्ड्याच्या उगवतीकडच्या मातीच्या भितीपाशी, सावलीत, अजून एक दिसला.

तो लंबा नोता. गोल होता, अन् खोल. खाली दोन पाय मुडपून कोनी टेकून बसलं असन अन् उठून गेलं असन तसा. मांगं भितीत पाठीचा वाक होता. मुखरूनं सोताले सांगतलं, रानडुक्कर. डुकरं उकरतेत, लोळतेत, भितीले आंग घासतेत. अख्खा तालुका डुकरायनं खाल्ला. त्यानं खाली उतरून पाह्यलं. डुकराचा खूर कुठी नोता. खळग्याची माती नरम होती, ओली नोती, गरम होती. कोनी आत्ताच उठल्यावर खाटेची जागा राहाते तशी.

डाव्या बाजूच्या भितीवर कोपर टेकाच्या जागी एक खाच होती, वाकडी. मुखरूनं आपला डावा हात तिच्याजवळ नेला. लावला नाई. वर चढला अन् घरी आला, अन् कोनाले काई सांगतलं नाई.

६

तिसऱ्या दिवशी रजिस्टरवाल्यायचा जबाब आला. दिव्यानीनं वाचून दाखवला. दोनच ओळी होत्या, कळवल्याबद्दल आभार, आपल्या तक्रारीवरून संख्या दुरुस्त केली आहे.

"ऐकलं का वो," मुखरू गुनाबाईले म्हनला. "मुकादमाचं ऐकाच लागते. किती केले मंग, दहा?"

दिव्यानीनं पान उघडलं. मंग तिनं लॅपटॉप एकदम मिटवला.

"किती केले?"

"पान उघडून नाई राह्यलं. नेटवर्क नाई."

मुखरूनं आजपावतो पोरीवर हात उचलला नोता. त्यानं लॅपटॉप तिच्या हातातून हळूच काढला, उघडला, अन् तिच्यापुढं धरला. त्याले इंग्रजी येत नोतं, पन ओळी मोजता येत होत्या. त्यानं बोट ठेवून मोजल्या. बारा.

"वाच."

"बाबा."

"वाच म्हनलं ना."

तिनं वाचलं. बाई. वय बावीस ते चोवीस. साल, उने सत्त्याहत्तर. अकराव्याची लेक.

"अन् नमुना?" हे मुखरूनंच इचारलं. "काय घेतलं तिचं? दात, का काय?"

"नमुना: येनं बाकी," दिव्यानी म्हनली.

गुनाबाईनं पोरीचा हात घट्ट धरला. तिले त्या रजिस्टरातलं काई समजत नोतं, पन तिची एकच पोरगी होती अन् ती तेवीस सालाची होती, एवढं समजाले शाळा लागत नाई.

मुखरूनं मॅडमले फोन लावाले लावला. मॅडमनं सांगतलं का तिच्याकडं त अकराच दिसून राह्यल्या, चंद्रपूरले बसून ती तेच पान पाहून राह्यली, बारावी ओळ नाईच. तुमी पान नव्यानं उघडा. त्यायनं उघडलं. बाराच होत्या. मुखरूनं लॅपटॉप उचलून खळ्यापासून घरी नेला, घरी नेटवर्क नोतं. परत आनला. बारा.

"हे रजिस्टर माह्या पोरीचं नाव कोनाले इचारून लिवून राह्यलं?" तो म्हनला. तो ओरडला नाई, अन् म्हनूनच गुनाबाईले जास्त भेव वाटलं. "जमीन माही. मेहनत आमची. गावाचं नाव मूलचं. दोष मजुरायचा. ते सारं मी गिळलं. पन हे नाई."

"बाबा, मी चूक म्हनून लिवते. दोन्ही ओळी चूक."

"मांगच्या डावी चूक म्हनलं तवा काय झालं? एक वाढली. आता चूक म्हनशीन त तेरावी तुही माय असन. तू लिव का अकरावी बरोबर हाये."

"मी खोटं नाई लिवत," दिव्यानी म्हनली. "जागा भेटो का नोको."

बापावरच गेली होती पोरगी. मुखरूले त्या टायमाले तिचा राग बी आला अन् छाती बी भरून आली.

"खोटं नोको लिवू," तो म्हनला. "थोडं थांब. खरं करून देतो."

७

त्यानं खळ्यावरची पायली उचलली. दुपार होती, उन्ह पिवळं होतं, बांधीत धानाचे खुटं वाळून राह्यले होते. तो पुढं, मायलेकी मांगं. खड्ड्याच्या काठावर त्यानं दोघीले थांबवलं.

"गुना, आज तू फिरून बोलू नोको. काई झालं तरी बोलू नोको. कोन बोलते ते मले पाहाचं हाये."

गुनाबाईनं पदर तोंडात कोंबला.

तो खाली उतरला. दहा खळगे होते तसे होते. अकरावा, बसाचा, होता तसा होता. अन् त्याच्या बाजूले आज बारावा होता. काल नोता. लहान होता, कवळा, बोटानं उकरल्यासारखा, अजून पुरा झाला नोता.

मुखरू पयल्या खळग्यापाशी उभा राह्यला. जबान सवयीनं लाभवर गेली होती. त्यानं ती दातात धरली, रगत येईपावतो.

"एक," तो म्हनला.

आयुष्यात पयल्यांदा त्यानं मोजनं एकपासून सुरू केलं. कोनी जबाब देल्ला नाई. नुसती वरून थोडी माती सरकली.

"दोन. तीन. चार." तो एकेका खळग्यापाशी थांबत गेला. लेकराच्या खळग्यापाशी वाकून त्यानं तिथला एक गोटा बाजूले केला, रुतत असन म्हनून. "नऊ. दहा."

मंग तो उगवतीच्या भितीकडं गेला अन् त्या गोल खळग्यात पाठ लावून बसला. पाय मुडपले. डावा हात वाकड्या खाचेत ठेवला. इतका बराबर बसला का सुतारानं माप घेतल्यासारखा.

"अकरा."

लय येळ काई झालं नाई. दूर कोनाचं तरी धान चुराचं मशीन चालू होतं, ते बंद झालं. गुनाबाई वर हुंदका दाबत होती. दिव्यानीले वाटलं का बापाचं डोस्कं फिरलं, आता वर बोलवाचं, घरी नेऊन झोपवाचं, सोमवारी चंद्रपूरले जाऊन मॅडमले साऱ्या ओळी चूक म्हनून देऊन टाकाच्या.

तवा खालून आवाज आला. मुखरूच्या तोंडातून नोता आला, त्याचं तोंड बंद होतं. त्याच्या खालून आला, जमिनीतून, धान मोजतानाचा बेफिकीर आवाज, पोतं धरून बसलेल्याचा.

"अकरा."

मुखरूनं पायली उचलली अन् बाजूच्या कवळ्या खळग्यावर पालथी घातली. अन् तिच्यावर उजवा पंजा दाबून धरला.

"सरलं," तो म्हनला. "मोजनं सरलं. आता पुढं बोलशीन त याद राख."

पायलीखालून कोनी तरी एकडाव टकटक केलं. मंग थांबलं.

"दिव्या, पाह्य तुह्या रजिस्टरात. किती हायेत?"

पान उघडाले येळ लागला. तिनं मोजल्या, फिरून मोजल्या.

"अकरा," ती म्हनली. "बारावी नाई. बाबा, बारावी नाई. आता वर या."

ती काठावरून पाय खाली सोडाले गेली तसा मुखरू तिच्यावर असा गरजला का ती जागच्या जागी थिजली. गावभर त्याच्या रागाले नावं ठेवत, पन तेवढा खराखुरा राग त्यानं आजपावतो कधी केला नोता. खड्ड्यात एक बी पाय टाकाचा नाई. मायले घेऊन घरी जाचं. चंद्रपूरले जाचं, लिवाचं, शिकाचं.

"पन तुमी वर या ना."

मुखरूनं उठाचा परयत्न केला का नाई, हे तिले कधी समजलं नाई. तिनं एवढंच पाह्यलं का मघाशी माती त्याच्या पायाच्या पंज्यापावतो होती. आता कमरीले लागली होती. वरून कोनी टाकली नोती. अन् तो मान वर करून तिच्याकडंच पाहून राह्यला होता, जसं त्या ओळीत लिवलं होतं तसा.

"मले काई नाई झालं. बसलो हावो," तो म्हनला. "नवं साल लागन तवा बी इथीच असन. अकरावी बरोबर म्हनून लिव. अन् खोदनाऱ्याइत अंजनाबाईचं नाव टाक, पोचूचं टाक."

"बाबा."

"अन् गावाचं नाव पयले दुरुस्त कर. कोसमटोला लिव. मी मूलले बसलो नाई."